ताकाचा उघडा डबा

मंगळवार, संध्याकाळ, नाशिक रोड

लिही गं सई, आजी सांगते तसं.

इगतपुरीहून येताना हायवेवर धो धो पाऊस, आणि तुझा बाप गाडी पळवतोय. मी ओरडून दमले. शेवटी मांडीवरच्या ताकाच्या डब्याचं झाकणच काढलं.

“आई, सीट नवी आहे!”

“मग हळू चालव की!”

लगेच हळू झाला. माझ्या जिवापेक्षा सीट मोठी का? असो. पुढच्या ट्रकपासून अंतर पडलं, आणि तोच ट्रक पाण्यावर घसरून आडवा झाला. आम्ही लांबच थांबलो, सुखरूप. ताक सांडलंसुद्धा नाही.

ट्रकवाला धडधाकट उतरला, पण थरथरत होता. सगळं ताक त्यालाच पाजलं.

मग म्हटलं, “डबा रिकामा झाला, बाळा. आता पळव.”

तुझा बाप नुसता हसला. घरापर्यंत गाडी हळूच आणली लबाडानं.