वरचे बारा मीटर

८ फेब्रुवारी

बाबा,

नमस्कार. सुरुवात 'तीर्थरूप'ने करायला हवी हे माहीत आहे, पण तसं लिहिलं असतं तर ही काहीतरी मागायला लिहितेय असं तुम्हाला पहिल्याच ओळीत कळलं असतं. मागायचं आहेच. ते शेवटी.

मी बरी आहे. खोली चौथ्या मजल्यावर आहे, उजेड भरपूर, जिना अरुंद. माझ्यासोबत एक नर्स राहते. ती मोठ्याने हसते आणि भांडी लगेच घासते, त्यामुळे आमचं जमतं. पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की डिसेंबरपासून मी फोन केला की तुम्ही तो आईच्या हातात देता. मागच्या रविवारी आई म्हणाली, ते जेवतायत. तेव्हा दुपारचे चार वाजले होते. आईला थापा मारता येत नाहीत. तिला त्या कामाला लावू नका.

तुमचा राग मला समजतो. एकतीस वर्षं दर एप्रिलमध्ये कारखान्याचं ते धुराडं तुम्ही दोरावर चढून तपासलंत, आणि तुमच्याच मुलीने तपासणी ऑफिसात हात वर करून सांगितलं की यंदा हे काम मी ड्रोनने करते. तुम्ही म्हणालात, "मी त्याच्या अंगाला हात लावून बघतो. तू लांबून माशी फिरवणार." हे मी नर्सला सांगितलं. तेव्हापासून आमच्याकडे ड्रोनला माशीच म्हणतात.

तर माशीबद्दल. ऑफिसचा कॅमेरा ड्रोन मी अजून हातात घेतलेला नाही. मी दुकानातून खेळण्यातला घेतला, तळहाताएवढा, चार पंखे आणि पंख्यांभोवती प्लास्टिकच्या कड्या. त्याला कॅमेरा नाही. मोठ्या ड्रोनला उपग्रहांवरून आपली जागा कळते. हात सोडले तरी तो जिथल्या तिथे उभा राहतो. खेळण्याला काहीच कळत नाही. ते सतत कुठेतरी सरकत असतं आणि तुम्ही ते सतत परत आणायचं असतं. सहा मिनिटांत बॅटरी संपते, मग पाऊण तास चार्जिंग. त्या पाऊण तासात आपण काय चुकलो याचा विचार करायचा.

पहिले दहा दिवस मी एकच केलं. फरशीची एक लादी ठरवली आणि तिच्यावर गुडघ्याच्या उंचीला ते धरून ठेवलं. सुरुवातीला दोन सेकंद. नंतर अकरा. मग बॅटरी संपेपर्यंत. सगळ्यात अवघड असतं ते त्याचं तोंड आपल्याकडे वळल्यावर. तेव्हा त्याचं उजवं आपलं डावं होतं. डोक्याला हे एका मिनिटात पटतं, बोटांना पटायला तीन आठवडे लागले. तेवढ्या काळात दोन खेळणी मोडली, एक पडद्यात अडकलं आणि एक नर्सच्या चहात उतरलं. ती कप उचलून म्हणाली, "चहात माशी पडली की लोक चहा फेकतात. मी माशी फेकू का?"

ऑफिसात एक जण आहेत, त्यांनी थेट महागड्या यंत्रावर हात बसवला. ते यंत्र स्वतःच सांभाळून घेतं, म्हणून आपल्याला येतं असं त्यांना वाटलं. त्यांनी दोन पाडली. आम्ही त्यांना गरुड म्हणतो, अर्थात त्यांच्यामागे.

माझं चौथं खेळणं चालू आहे. दोन खुर्च्यांमधून इंग्रजी आठाचा आकडा काढते. पडत नाही.

आता मागणं. ऑफिसने यंदाचा निर्णय तुमच्यावर सोडला आहे. तुम्ही तयार असाल तर तुम्ही चढाल, नाही म्हणालात तर मी उडवीन. बाबा, यंदा चढू नका. तुम्ही एकोणसाठ वर्षांचे आहात हे कारण मी देत नाही, त्याचा तुम्हाला राग येतो. कारण दुसरं आहे. ते आज लिहीत नाही.

आईला सांगा, मी जेवते.

तुमची,
धाकटी


१७ एप्रिल

बाबा,

"तिला म्हणावं, उडव" एवढा निरोप आईकडून मिळाला. त्यानंतर मी आभाराचं पत्र लिहिलं नाही. तुम्ही इतक्या लवकर का तयार झालात, याचा अंदाज मला होता, आणि आभार मानले असते तर तेही खोटं झालं असतं.

परवा सकाळी साडेसातला उड्डाण केलं. भट्टी पाच दिवस बंद होती, धुराडं थंड होतं. नियमाप्रमाणे शेजारी एक माणूस नुसत्या डोळ्यांनी ड्रोनकडे बघत उभा असावा लागतो, ते काम गरुडांनी केलं. मी पडद्याकडे बघत होते. अठ्ठेचाळीस मीटरपर्यंत काही विशेष नाही. तुम्ही गेल्या वर्षी रंगाने केलेल्या खुणाही अजून पुसट दिसतात. त्याच्या वर लोखंडी शिडी आणि विटा आवळून धरणाऱ्या पट्ट्या दाटीने आहेत. त्या लोखंडाने मोठा ड्रोन गोंधळला. आपण कुठे आहोत ते त्याला कळेना, आणि तो विटांकडे सरकायला लागला. तोंड माझ्याकडे होतं.

गरुड म्हणाले, "हात सोड, तो स्वतः थांबेल."

तो थांबला नसता. मी हात सोडले नाहीत. बोटांनी त्याला बाहेर आणलं आणि तिथेच धरून ठेवलं, विटांपासून तीन मीटरवर, चार मिनिटं. खेळण्यांचे तीन महिने त्या चार मिनिटांत वसूल झाले. भीती ड्रोन खाली उतरल्यावर वाटली, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मग तसंच काठापर्यंत नेऊन फोटो घेतले. वरची परिस्थिती अशी आहे. काठापासून खाली उभी भेग, तीन मीटर चाळीस. वरून दुसरी लोखंडी पट्टी तुटलेली, तिचं एक टोक बाहेर आलेलं. एक वीट जवळजवळ सुटलेली. त्याच्या बरोबर खाली पॅकिंगची शेड आहे, जिथे एका पाळीला चाळीस बायका बसतात. मी ड्रोन उतरवून आधी मॅनेजरना गाठलं. शेड त्याच सकाळी बंद झाली. कुणाला काही झालेलं नाही. हे आधी लिहिते, कारण पुढचं वाचताना तुम्ही तेच शोधत राहाल.

आता फेब्रुवारीत जे लिहिलं नाही ते.

गेल्या वर्षी तुम्ही चढलात आणि अठ्ठावन्न फोटो दिलेत. मी ऑफिसात लागून दोन महिने झाले होते, आणि तो माझा पहिला अहवाल होता. सत्तेचाळीस ते अठ्ठावन्न हे फोटो वरच्या बारा मीटरचे. त्या बाराही फोटोंचा खालचा उजवा कोपरा कापलेला होता, जिथे तुमचा कॅमेरा तारीख छापतो. मी ते पाहिलं, आणि चुकून झालं असेल असं ठरवलं. मग त्याच्या आदल्या वर्षीच्या फोटोंशी तुलना केली. तिसऱ्या पट्टीवरचा गंजाचा ओघळ तसाच. पक्ष्यांच्या विष्ठेचा डाग तसाच. वीज पकडणाऱ्या सळईची सावली त्याच विटेवर, तेवढीच लांब. एखाद्या फोटोची त्याच फोटोशी तुलना केली तर फरक सापडत नाही. मी रकान्यात 'फरक नाही' लिहिलं आणि सही केली.

तुम्ही वर गेला नव्हतात. अठ्ठेचाळीस मीटरवर थांबलात, आणि वरचे बारा फोटो आदल्या वर्षीचे लावलेत. हे मला अकरा महिन्यांपासून माहीत आहे.

तुमच्यासाठी गप्प राहिले असं मी स्वतःला सांगत आले. ते निम्मं खरं आहे. निम्मं असं की माझी नोकरी कच्ची होती, अहवाल पहिला होता, आणि "बाप आणि मुलगी मिळून करतात" हे वाक्य मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

खेळण्यांवर शिकले त्याचंही पूर्ण कारण मी लिहिलं नव्हतं. ऑफिसच्या ड्रोनमध्ये प्रत्येक उड्डाणाची नोंद राहते. मला उडवता येत नाही हे कुणाला कळायच्या आत मला शिकायचं होतं. दुसऱ्या कुणी उडवला असता तर नवे फोटो जुन्यांशेजारी ठेवल्यावर त्याला पहिल्या दिवशी कळलं असतं. म्हणून ते काम माझ्याच हातात यायला हवं होतं. मी वर बघणार होते, काही निघालं तर 'या वर्षात झालेला बदल' असं लिहिणार होते, आणि विषय मिटला असता. तुम्हाला मी माशी फिरवून दाखवत होते, पण खरं तर झाकण शोधत होते.

ते लिहिता येणार नाही. भेगेच्या आत गंज आहे, आणि तो एका वर्षाचा नाही. गेल्या वर्षी ती तिथे होती. तुम्ही बघितलं असतंत तर दिसली असती, मी बोलले असते तरी दिसली असती. चाळीस बायका वर्षभर तिच्याखाली बसल्या.

अहवाल सोमवारी दहा वाजता द्यायचा आहे. त्यात गेल्या वर्षीचं मी लिहिणार आहे. तुम्हाला आधी कळावं म्हणून हे पत्र स्पीडपोस्टने टाकते. फोन करत नाही. केला तर तुम्ही तो आईकडे द्याल, आणि हे आईला माझ्याकडून कळू नये.

तुमची मुलगी


२९ एप्रिल

बाबा,

आई म्हणाली की तुमचा गुडघा दुखतोय आणि तुम्ही तेल लावू देत नाही. लावून घ्या.

त्या सोमवारी मी पावणेदहाला अहवाल घेऊन ऑफिसच्या साहेबांच्या खोलीत गेले. टेबलावर तुमचा कमरेचा पट्टा ठेवलेला होता, दोर अडकवायच्या आकड्यांसकट, व्यवस्थित गुंडाळून. आकड्यांना तेल लावलेलं होतं. साहेब म्हणाले की शनिवारी तुम्ही बसने एकटे आलात, चहा नको म्हणालात आणि उभ्या उभ्या बोललात. तुमचं बोलणं त्यांनी मला जसंच्या तसं सांगितलं, कारण मी तसं विचारलं.

"वरचे बारा फोटो जुने आहेत. मी गेलो नव्हतो. मुलीला मी फसवलं, तिला काही माहीत नाही. तिला बोल लावू नका."

त्यांच्या खोलीत पंखा मोठा आवाज करतो. मी तो बंद करू का असं विचारलं. ते म्हणाले, असू दे. मग म्हणाले की अहवालात गेल्या वर्षीबद्दल आता दोन ओळी पुरतील, बाकी ते बघून घेतील. त्यांचा सूर चांगला होता. चांगल्या माणसाची मुलगी म्हणून ते माझ्याकडे बघत होते.

बाबा, माझं पत्र तुम्हाला शुक्रवारी मिळालं होतं. म्हणजे, मला सगळं माहीत होतं, हे वाचून झाल्यावर तुम्ही बस पकडलीत, आणि तिथे जाऊन 'तिला काही माहीत नाही' असं बोललात. ज्या माणसाने वर्षभर एक खोटं पोटात ठेवलं, तो ते सांगायला आला आणि जाताना माझ्यासाठी दुसरं ठेवून गेला. खुर्चीत बसून मला ते स्वीकारता आलं असतं. माझ्या डोक्यात ते पूर्ण एक मिनिट होतं. मिनिट मी मोजलेलं नाही, पण कमी नव्हतं.

मग मी अहवालाचं चौथं पान उघडून त्यांच्यासमोर ठेवलं. त्यात आधीच लिहिलेलं होतं. 'सत्तेचाळीस ते अठ्ठावन्न हे फोटो आदल्या वर्षीचे आहेत हे अहवाल लिहिणाऱ्या अभियंत्याच्या तेव्हाच लक्षात आलं होतं. तिने ते नोंदवलं नाही.' खाली माझी सही. साहेबांनी ते दोनदा वाचलं. त्यांनी विचारलं, "मग ते असं का म्हणाले?" मी म्हणाले, "ते माझे वडील आहेत."

परिणाम असे. सहा महिने अहवालावर सही करण्याचा माझा अधिकार काढून घेतला. ड्रोन उडवता येईल, पण फोटो दुसरा कुणीतरी वाचेल. तुम्हाला यापुढे ऑफिसचं काम मिळणार नाही, ते त्यांनी तुम्हाला कळवलं असेलच. ऑफिसात दोन दिवस सगळे माझ्या टेबलाला वळसा घालून जात होते. तिसऱ्या दिवशी गरुड माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले की त्यांनीही एक खेळणं घेतलंय, ते एका जागी राहत नाही, काय करायचं. मी म्हणाले, एक लादी ठरवा.

धुराड्याला नव्या पाच पट्ट्या बसताहेत. परांची बांधली आहे, वरचे दोन थर उतरवून पुन्हा रचणार आहेत. तोवर शेड दुसरीकडे हलवली आहे. नर्सला मी सगळं सांगितलं. तिने आधी दोघींचे कप घासले, मग म्हणाली, "तुम्ही दोघं एकाच साच्यातले दिसता." हे तिने चांगल्या अर्थाने म्हटलं की कसं, ते मी विचारलं नाही.

रागवायचं असेल तर रागवा. तुमचं ते वाक्य मी खोडलं, आणि तेही तुमच्या साहेबांपुढे. पण मी तुम्हाला चांगलं ओळखते असं समजत होते, आणि त्या फोटोंच्या कापलेल्या कोपऱ्यांपलीकडे मी काहीच बघितलं नव्हतं. अकरा महिन्यांत तुमच्याकडे एकदाही येऊन विचारलं नाही. रकाना भरला.

म्हणून आता विचारते. एकतीस वर्षं चढलेला माणूस अठ्ठेचाळीस मीटरवर थांबला, तेव्हा काय झालं होतं? हात कापत होते का, छातीत दुखत होतं का, की खाली बघितलंत? दोरावर किती वेळ तसे थांबलात? खाली कुणी होतं का? उतरल्यावर घरी आलात, तेव्हा आईला काय सांगितलंत?

शनिवारी सकाळच्या बसने येते. तोवर उत्तर जुळवून ठेवू नका, जसं आठवेल तसं सांगा. मी काही लिहून घेणार नाही.

तुमची,
मुलगीच