नियम क्रमांक चार

३ नोव्हेंबर, सकाळी ६
आजपासून हसनाबादच्या वनराई बंधाऱ्याचा समन्वयक मी. संस्थेने पाचशे रिकामी पोती दिलीत. माती भरून ओढ्यात रचायची, पाणी अडवायचं. काम सोपं, माणसं अवघड. म्हणून संकल्प: काम सुरू व्हायच्या आधी प्रत्येकाची अपेक्षा लेखी घ्यायची. ट्रेनिंगमध्ये हेच शिकवलं. (दुसऱ्या दिवशी जेवण जड झालं होतं, तेवढं सोडून सगळं लक्षात आहे.) उमा म्हणाली, आधी पाणी अडवा. बायकोला टीमवर्क समजावणं कठीण.

४ नोव्हेंबर
पहिली मीटिंग, ओढ्याकाठी. पाणी गुडघाभर. टीम: बचत गटाच्या कडूबाई, मेंढ्यावाले धुळाजी, ट्रॅक्टरवाला गोरक्षनाथ. रंगीत कागद वाटले. धुळाजींनी लिहिलं नाही, नुसतं बोलले. पाणी थांबलं तर मेंढरं होळीपर्यंत हितंच, न्हाई तर लेकरंबाळं घेऊन आम्ही चाललो शहागडकडं, गोदावरीला. पोरीची शाळा सुटतीय, म्हणाले. 'वैयक्तिक अपेक्षा' या रकान्यात नोंद केली.
कडूबाई म्हणाल्या, इर्जिक घालू साहेब. समदं गाव एक दिवस येतंय, जेवण आमच्या गटाचं, काम बराबर होतंय. भावना चांगली. पण इर्जिकीत कोणाची जबाबदारी काय, हे कुठेच लिहिलेलं नसतं. समजावलं.

७ नोव्हेंबर
पाणी पोटरीभर. टीम पाऊण तास उशिरा. कापूस वेचायला गेल्तो, म्हणे! तिथल्या तिथे नियम क्रमांक चार केला: सलग दोन मीटिंगांना गैरहजर, तो टीमच्या बाहेर. एकमताने मंजूर. त्या वेळी मी एकटाच होतो.

१० नोव्हेंबर
सर्दी. मीटिंगला गेलो नाही. समन्वयकाची सर्दी गैरहजेरीत धरत नाहीत. तशी ओळ घालायची राहिली.
पोती कुलपात. नियमांवर सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय एकही निघणार नाही. शिस्त म्हणजे शिस्त.

११ नोव्हेंबर
धुळाजींचा फोन. पाणी पळून राह्यलं साहेब, घोट्याला आलं, जल्दी करा. म्हटलं, काळजी नको, नियमांचा सहावा मसुदा तयार आहे. पलीकडून फोन कट झाला. रेंज गेली असावी.

१३ नोव्हेंबर
आजही मीटिंग, पण मी जुन्या जालन्यात. नियमांचा फ्लेक्स, दहा बाय सहा, वर माझा फोटो. हसू किती ठेवायचं यात दुपार गेली. गोरक्षनाथ मोंढ्यात सोयाबीन घेऊन आल्ता, त्याच्या ट्रॅक्टरवर फ्लेक्स पाठवला. बांधावर लावा, असं स्पष्ट सांगितलं.

१६ नोव्हेंबर, रविवार
सह्यांसाठी पेन घेऊन गेलो. बंधारा झालेला! काल इर्जिक झाली. पोती खताची, घराघरांतून आणलेली. पाणी कमरेएवढं साचलंय.
फ्लेक्स कुठे दिसेना. गोरक्षनाथ म्हणाला, पोत्यांतून पाणी झिरपत होतं, मंग आतून लावला, आता बिलकुल थेंब न्हाई. म्हणजे मी पाण्याखाली. फोटो कोणत्या बाजूला आहे, हे विचारायचं धाडस झालं नाही.
कडूबाईंनी नियम क्रमांक चार तोंडपाठ म्हणून दाखवला. दहा आणि तेरा, दोन्ही तारखाही. सगळे हसले. मला फार लाज वाटली. मग त्यांनी कालच्या उरलेल्या वरणबट्टीचं ताट पुढं केलं. तुमच्या नियमात बसत न्हाई, आमच्यात बसतंय, जेवा, म्हणाल्या. पलीकडे मेंढ्या पाणी पीत होत्या. धुळाजींची पोर काठावर दप्तर उघडून अभ्यासाला बसली होती. नाक पुसत जेवलो. सर्दी अजून आहे.

१७ नोव्हेंबर
संस्थेचा फॉर्म भरला. शेवटचा रकाना: 'समन्वयकाचे प्रत्यक्ष योगदान'. नेतृत्व लिहिलं, खोडलं. मार्गदर्शन लिहिलं, खोडलं.
लिहिलं: फ्लेक्स, एक नग.