जसं बोलली तसंच

साहेब, विहिरीच्या खटल्याच्या अपिलाचं काय झालं, हे तुम्हाला कोणी सांगितलं नसणार. निकालाच्या आधीच तुम्ही गेलात. म्हणून मी सांगते. आपण जिंकलो. कोर्टातल्या माणसानं 'जिंकलो' म्हणू नये, ही तुमचीच शिकवण. पण आता मी निवृत्त आहे, मला चालतं.

अस्पृश्यतेचे खटले चालवायला आपलं वेगळं कोर्ट निघालं, तेव्हा तिथं यायला कोणी तयार नव्हतं. तिथल्या नेमणुकीला लोक शिक्षेची बदली म्हणत. तिथले मॅजिस्ट्रेट म्हणून तुम्ही मात्र माणसं पारखून घेतलीत, आणि त्यांत मला, उमरेडच्या एका बौद्ध विणकराच्या मुलीला, मराठी टायपिंगसाठी. शनिवारी कामकाज आटोपलं की साक्षीदारांशी कसं वागायचं याचा आम्हा कर्मचाऱ्यांचा वर्ग भरे. अजून डोळ्यांसमोर आहे. तुम्ही खुर्ची सोडून खाली येता, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे राहता आणि म्हणता, "मी कन्हानकडच्या खेड्यातला माणूस. कोर्ट जन्मात पाहिलेलं नाही. बोलवा मला." शिपाई नुसतं नाव पुकारतो. तुम्ही हलत नाही. "असं बोलावल्यावर मी घाबरून घरी जाईन. पुन्हा." मग तो नावापुढे 'भाऊ' लावतो. साक्षीदाराला पाणी द्यायचं ते आपल्याच माठातलं, आपल्याच ग्लासात, हा तुमचा नियम. एका कारकुनानं नाक मुरडलं, तर साक्षीदार प्यायला होता त्याच ग्लासात तुम्ही पाणी घेतलंत आणि त्याच्यासमोर प्यायलात. पुन्हा कोणी कुरकुरलं नाही.

तरी आपल्याकडचे आरोपी एकामागून एक सुटत होते. हे कोर्ट बंद करा, अशी कुजबुज वरपर्यंत गेली होती. आणि तेव्हाच सावनेरकडची ती बाई आली. गावच्या सार्वजनिक विहिरीवर एका मातब्बर माणसानं तिची बादली फेकून दिली होती. इतर कोर्टांत मॅजिस्ट्रेट मजकूर सांगत आणि टायपिस्ट टाइप करी. तुम्ही मला थेट ऐकून टाइप करायला बसवलं होतं. मी झोकात टाइप केलं, 'फिर्यादीस पाणी भरण्यास मज्जाव करण्यात आला.' जबानी वाचून दाखवायची वेळ आली. बाई ऐकत राहिली, मग म्हणाली, "हे कोनाचं बोलनं वाचून राहिल्या वं बाई? मी असं नाही बोलली."

सगळं कोर्ट हसलं. तुम्ही हसला नाहीत. जबानी दुरुस्त करून घ्यायची म्हणून तुम्ही तिला पुन्हा विचारलंत आणि माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणालात, "घरी तुम्ही काय बोलता?"

"उमरेडचंच, साहेब. असंच."

"मग इथं कशाची लाज? तिच्या तोंडचे शब्द काढून घेतले, तर तिच्याकडे राहिलं काय?"

माझे कान तापले. टायपिंगच्या क्लासात मी माझी बोली घासूनपुसून काढली होती, आणि त्याचं मला कौतुक होतं. त्या दुपारी पहिल्यांदा माझ्या आईची भाषा सरकारी कागदावर उतरली. 'तो म्हने, तुमच्या जातीची बादली पडली त विहीर बाटते, मालूम नाही का वं तुले? मी म्हनलं, पानी काय तुह्या बापाचं हाय का गा?'

तुम्ही शिक्षा दिलीत. आपल्या कोर्टाची पहिली. आरोपी अपिलात गेला आणि त्याच पावसाळ्यात तुमचं हृदय थांबलं. सेशन कोर्टात त्याच्या वकिलानं मोठ्या रुबाबात मांडलं की भांडण पाणी भरायच्या नंबरावरून झालं, जातीचा संबंधच नाही. निकालाच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले होते. न्यायाधीशांनी ती दोन वाक्यं मोठ्यानं वाचली, बाईच्याच बोलीत, एक काना न बदलता, आणि म्हणाले, "नंबराचं भांडण असं बोलत नाही." अपील फेटाळलं. शिक्षा कायम.

पुढच्या आठवड्यात मी एसटीनं त्या गावी गेले. बाई विहिरीवर होती. दोर सोडता सोडता म्हणाली, "काहून आल्या बाई? आता काय लिहाचं राहिलं?" म्हटलं, काही नाही, पाहायला आले. भरलेली बादली तिनं काठावर ठेवली, तिथल्या दोन बाया जरा सरकल्या आणि आपलं पाणी भरू लागल्या. तिला घाई नव्हती. आपलं कोर्ट बंद झालं नाही. नवे टायपिस्ट आले, त्यांचा शनिवारचा वर्ग मी घेऊ लागले. पिंजऱ्यात उभी राहून मी म्हणायचे, मी खेड्यातली बाई आहे, मला बोलवा. वीस जणांत दोघंतिघं तरी तयार व्हायचे. तेवढे पुरतात, साहेब.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तेव्हा ते इथंच राहील. फक्त एक सांगायचं उरलं. अपील फेटाळल्याचं ऐकलं आणि भरल्या कोर्टात कोणीतरी टाळी वाजवली. एकच, पण खणखणीत. शिपाई ओरडला, "कोन हाय तो?" सगळ्यांनी माना वळवून पाहिलं, मीही पाहिलं.

मीच होते.