आंबिलीतल्या दोन गोळ्या

पुणे, १० ऑगस्ट २०२५

ती. आक्कास,
गोरखचा शि. सा. न. वि. वि.

या व्यसनमुक्ती केंद्रात मोबाइल देत नाहीत, म्हणून कित्येक वर्षांनी पेन धरलाय. अक्षराला हसू नकोस. काल राखीपौर्णिमा झाली आणि तुझी राखी आली नाही, असं पहिल्यांदाच झालं. लावणीच्या गडबडीत राहिली असेल.

ट्रकवर अंगदुखीसाठी सुरू केलेल्या कॅप्सुला सोडल्या की पिंडऱ्यांत कसे गोळे येतात, ते तू तुझ्याकडे तळेघरला पाहिलंसच. इथंही स्नायू सैल करणारी तीच गोळी देतात, पण नर्स समोर उभी राहून गिळायला लावते.

आरती आमच्या छोट्या स्नेहलला घेऊन माहेरी निरगुडसरला गेलीय. तुझ्या घरी मी बेशुद्ध पडलो तो चोरून कॅप्सुला खाऊनच, असं तिनं धरलंय. आक्का, मी काही घेतलं नव्हतं. तुझा शब्द ती मानते, तिला सांग.

दाजींना नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा,
गोरख

तळेघर, १५ ऑगस्ट २०२५

चि. गोरख यास,
अनेक आशीर्वाद.

राखी राहिली नव्हती रे. आणून ठेवली होती, पाठवायला हात धजावला नाही.

डॉक्टरांनी तुला ती गोळी अर्धी सकाळी, अर्धी रात्री सांगितली होती. कॅप्सुला सोडायला तू इथं आलास, त्याच्या तिसऱ्या दिवशी तू खाटेवर पाय घासत कण्हत होतास, मला बघवेना. लावणीच्या दिवसांत माझ्या कंबरेला देतात तीही हीच गोळी, मी नाव ताडून पाहिलं. मला एकीनं काही होत नाही, मग एवढ्या बाप्याला अर्धीनं काय होणार, असं वाटलं. दोन गोळ्या कुटून नाचणीच्या आंबिलीत घातल्या आणि तुला न सांगता पाजल्या. तू वर आणखी मागितलीस.

मग तू हाकेला उठेनास. यांनी आणि शेजारच्या जानकूनं खाटेसकट उचलून तुला गाडीरस्त्यापर्यंत नेलं. दवाखान्यात सगळ्यांना विचारलं, काय दिलं होतं म्हणून. मी तोंडाला पदर लावून गप्प. आरती तुला बोल लावत होती, तरी गप्प. भाऊ मरायला टेकला होता आणि मी स्वतःची अब्रू सांभाळत होते. मला अजून अन्न गोड लागत नाही.

काल निरगुडसरला जाऊन आरतीला सगळं सांगितलं. ती मला लई बोलली, मग रडली. तुझ्यावर उगाच आळ घेतला म्हणाली. २४ तारखेला, रविवारी, स्नेहलला घेऊन तुला भेटायला येतेय.

राखी सोबत आहे. वाटलं तरच बांध.

तुझी अपराधी आक्का,
बायडा

पुणे, २० ऑगस्ट २०२५

ती. आक्कास,
सा. न. वि. वि.

राखी बांधलीय, गाठ नर्सनं मारून दिली.

तुझं पत्र वाचून आधी सुटल्यासारखं वाटलं, खोटं कशाला सांगू. मग ताटावरून उठलो.

त्या दिवशी मीही दोन कॅप्सुला घेतल्या होत्या. आळेफाट्याहून तुझ्याकडे येताना पँटच्या शिवणीत लपवून आणल्या होत्या, तुझ्या आंबिलीआधी परसात जाऊन गिळल्या. काल इथल्या डॉक्टरांना दोन्ही सांगितलं. ते म्हणाले, दोन्ही एकत्र आल्यानं श्वास मंदावला. तेव्हा तुझी चूक आहेच, पण तू सगळा भार उचललास आणि मी तुला खोटं सांगून निरगुडसरला धाडलं, याची मला जास्त लाज वाटते. आरतीचा संशय खरा होता.

रविवारी स्नेहलला बाहेर बसवून आरतीला सांगणार आहे. त्याच एसटीनं ती माघारी गेली, तर समजूत घालायला तू जाऊ नकोस. इथून सुटलो की मीच जाईन, आणि तिनं दार लावलं तर पुन्हा जाईन.

रागव, पण पत्र धाडत जा.

तुझा,
गोरख