न पडलेल्यांचा रकाना

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दहा वर्षांच्या प्रतिबंध आराखड्यासाठी आमच्या आरोग्य कार्यालयाचा अहवाल काल गेला. तो मीच लिहिला. तुमच्या भागात दोन वर्षांत एकाही म्हाताऱ्या माणसाचं पडून हाड मोडलं नाही. ठळक शून्य लिहिलं. ‘तोल जाताना सावरले’ हा रकाना मात्र गाळला. इतक्यांचा तोल गेला हे वाचून पान उगाच अपयशाची यादी वाटत होतं. देवाची कृपा, आणि घरोघर जाऊन म्हाताऱ्यांना जपणाऱ्या आमच्या घरभेटीच्या बायांची. तुझ्या न्हाणीघरातला आधाराला धरायचा दांडा लवकरच बसेल. तोवर जप.

तुझ्या आशीर्वादावर चालणारा,
धाकटा

११ जून

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

गणितात शून्य मिळालं तेव्हा परसात लपला होतास. आता शून्याची मिरवणूक काढतोस! तुमची घरभेटवाली दर मंगळवारी येते. सतरंजीचं टोक दुमडलेलं दिसलं की आईसारखी रागावते. परवा माझा पाय घसरलाच होता, तिनंच दंड धरला. दांड्यासाठी भिंतीवर पेन्सिलीची खूण करून गेली आहे. वेळेवर जेवत जा.

माया आहेच,
ताई

२ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

लिहायला मन धजत नव्हतं. समितीनं घरभेटी बंद केल्या. साहेब म्हणाले, जिथे कोणी पडतच नाही तिथे सावरायला माणसं कशाला? निधी इस्पितळात नुकत्याच उघडलेल्या हाडांच्या वॉर्डाला गेला. मी म्हटलं, शून्य आपोआप राहत नाही, रोज धरून ठेवावं लागतं. त्यांनी विचारलं, याचा आकडा कुठे आहे? तो मी गाळलेल्या रकान्यात होता. त्या नोंदींची जुनी वही घेऊन पुन्हा गेलो, तर म्हणाले, पुढचा अहवाल आता दहा वर्षांनी. पूजेला बसतो, पण मागायला तोंड नाही. पंधरवड्यानं रजा आहे, येऊन दांडा मीच बसवतो.

अपराधी,
धाकटा

१२ ऑगस्ट

चि. धाकट्यास अनेक आशीर्वाद.

अक्षर शेजारच्या काकूंचं, बोलणं माझं. शुक्रवारी न्हाणीघरात पडले. खुबा मोडला. तुमच्याच नव्या वॉर्डात आहे. पलंग चांगला आहे. डावीकडे टपालवाल्याची आई, उजवीकडे शिंपीणबाई, दोघी आपल्याच भागातल्या, गेल्या आठवड्यात पडूनच आलेल्या. डॉक्टर म्हणतात, पुन्हा चालणं कठीण. तुझी चूक नाही असं खोटं लिहिणार नाही, पण राग नाही. येशील तेव्हा दांडा आणू नकोस. ती वही आण. पुढच्या अहवालापर्यंत मी नसेन, तेव्हा माझ्यासमोरच शून्याच्या जागी लिही: तीन.

तुझी,
ताई