हाः करून पुसण्याचा धर्म

तीर्थरूप आत्या,

तुझ्या पायांना इथूनच नमस्कार. वाकायचे कष्ट वाचले म्हणून आशीर्वादात काटछाट करू नकोस. गुडघा कसा आहे? जिना चढताना वाजतो तो उजवा की डावा, हे मागच्या पत्रात तू दोन ठिकाणी दोन तऱ्हेने लिहिलं होतंस, म्हणून मी दोन्हींची काळजी केली. मी पाठवलेला चष्मा घसरत असेल तर दोष फ्रेमचा समज, नाकाचा नव्हे. ते नाक आपल्या घराण्याचं आहे आणि त्यावर रागाशिवाय काही टिकत नाही. इकडे सगळं ठीक. माझ्या नवऱ्याचा खोकला गेला आणि मी एका धर्माची संस्थापक झाले. दुसऱ्या बातमीला जरा वेळ लागेल, तेव्हा चहा घेऊनच बस.

तुला ठाऊक आहे, चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत मी दिवसभर फ्रेममध्ये काचा बसवते आणि जेवणाच्या सुट्टीत त्याच टेबलावर माझी अद्भुत राज्याची कादंबरी लिहिते. पाच वर्षं झाली. (उडणारे घोडे तुला पटले नव्हते म्हणून काढले. आता सगळे चालत जातात आणि पुस्तक ऐंशी पानांनी वाढलं.) त्या राज्याला मी एक धर्म दिला होता. काय थाट होता त्याचा! सात देव, अकरा स्वर्ग, निळ्या दगडाची मंदिरं, प्रार्थनेची वेगळी भाषा, तिचं व्याकरण, आणि देवांची वंशावळ इतकी लांब की ती कपाटाच्या दारावरून खाली येऊन जमिनीवर पसरली होती. नवरा तिच्यावरून उडी मारून आंघोळीला जात असे. एवढं करून हस्तलिखित तिसऱ्यांदा परत आलं. संपादकांनी लाल शाईत लिहिलं होतं की देव उत्तम आहेत, पण धर्म पाळताना कुणी दिसत नाही. तुमच्या राज्यात प्रार्थनेला कुणालाच उशीर होत नाही, कुणी पळवाट काढत नाही, कुणी शेजारणीचं चुकतंय म्हणून नाक मुरडत नाही. खाली एक ओळ होती. एकतीस तारखेपर्यंत हे पटेलसं करून पाठवा, नाहीतर आमचा नमस्कार.

मी दोन दिवस रडले, तिसऱ्या दिवशी कंबर कसली. पुस्तक छापून आणायचंच, मग धर्माला जन्म द्यावा लागला तरी चालेल. वंशावळ गुंडाळून माळ्यावर टाकली आणि ठरवलं की एक अगदी साधा नियम करायचा, त्याला कारण द्यायचं नाही, आणि काय होतं ते वहीत टिपायचं. आमच्याकडे चुकीच्या नंबरची एक हिरवट जाड काच पडून होती. ती मी आतल्या खोलीच्या दाराशी फळीवर ठेवली. रोज आत येताना तिच्यावर तोंडाने हाः करायचं आणि फडक्याने एकदा पुसायची. कुणी विचारलं तर नुसतं म्हणायचं, 'करावं.' बस्स.

पहिला आठवडा सगळे हसले. हसत हसत करू लागले. दुसऱ्या आठवड्यात काउंटरवरच्या बाईंनी मला बाजूला घेऊन विचारलं की सर्दी झालेल्या माणसाने हाः करावं का. मी वहीत तारीख घातली आणि टेबलाखाली पाय आपटून आनंद साजरा केला. तिसऱ्या आठवड्यात दोन पंथ पडले. गोल पुसणारे म्हणतात वरून खाली पुसणं म्हणजे उरकणं. वरून खाली पुसणारे म्हणतात गोल पुसलं की धूळ तिथेच फिरते. घरचं फडकं की दुकानाचं, यावरून दोन चांगल्या मैत्रिणींनी डबे वेगळे खायला सुरुवात केली. काउंटरवरच्या बाई उशीर झाला की रस्त्यातूनच खिडकीच्या दिशेने हाः करून मोकळ्या होतात. आमचे मालक स्वतःला फार आधुनिक समजतात, म्हणून ते मागच्या दाराने येऊ लागले. त्याच दिवशी घासताना सहा काचा तडकल्या. दुसऱ्या दिवशी ते पुढच्या दाराने आले आणि इतका मोठा हाः केला की बाहेर बसलेलं गिऱ्हाईक डॉक्टर आलेत समजून उठून उभं राहिलं. फक्त काच घासणारे आमचे काचकाका बधले नाहीत. चाळीस वर्षं काचा घासलेला माणूस, काचेला काय भिणार? ते तिच्याकडे पाहतही नाहीत. त्यांना मी वहीत 'नास्तिक' म्हणून वेगळं पान दिलंय.

हाच धर्म कादंबरीत घातला आणि बारा प्रकरणं सुतासारखी सरळ झाली. अडलंय ते तेरावं. त्यात माझी नायिका भर सभेत ती पवित्र काच फोडते आणि लोकांचे डोळे उघडतात. हे कल्पनेने लिहायचं नाही असा माझा पण आहे, म्हणून परवा चहाच्या वेळी मी उभी राहून सगळं कबूल केलं. म्हटलं, हे मी बनवलंय, ही टाकाऊ काच आहे, यात काहीएक नाही. मग काउंटरवरच्या बाई अगदी मायेने म्हणाल्या, "तू आणलीस म्हणून काय झालं? पोस्टमन पत्र आणतो, म्हणून ते काय त्याने लिहिलेलं असतं?" झालं! आता मी नीट पुसते की नाही यावरच सगळ्यांची नजर असते. आपलेच दात आणि आपलेच ओठ, बोलणार कुणाला?

म्हणून आत्या, तू ये. तीस वर्षं मुख्याध्यापिका होतीस. तू व्हरांड्यात खाकरलीस की तिसऱ्या मजल्यावरचा वर्ग गप्प होत असे. तू कधी कुठल्या थोतांडाला उंबऱ्याच्या आत घेतलं नाहीस. मंगळवारी ये, सगळ्यांसमोर ती काच फोड आणि तुझ्या पद्धतीने चार शब्द सुनाव. मी कोपऱ्यात वही घेऊन उभी राहीन. तेरावं प्रकरण त्याच दिवशी संपवते की नाही बघ.

काकांना नमस्कार. गुडघा कुठला ते नक्की कर.

तुझी हट्टी भाची

ता. क. : फोडायला काही आणू नकोस. आमच्याकडे हातोडी आहे.

दुसरा ता. क. : पाकीट चिकटवलं होतं, ते परत उघडलंय. मंगळवारी येऊ नकोस. आज सकाळी मी लवकर गेले, तर आत दिवा लागलेला. काचकाका फळीपुढे उभे होते, टोपी हातात. गुरुवारी त्यांच्या बायकोचं पोटाचं मोठं ऑपरेशन आहे. इतके दिवस त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. मला पाहून ते दचकले नाहीत. एवढंच म्हणाले, "एकदा पुरतं का गं?" नियम माझा, वही माझी, पंथांची नोंद माझी. मला साधं 'हो' म्हणता आलं असतं. मी म्हणाले, "तीनदा. आणि सावकाश." त्यांनी तीनदा केलं, सावकाश, आणि मग मशीन सुरू केलं. मी वहीत काही लिहिलं नाही. तेरावं प्रकरण दुपारी लिहून टपालात टाकलं. त्यात नायिका हातोडी घेऊन येते, काचेपुढे कोण उभं आहे ते बघते आणि परत जाते. संपादकांना पटलं तर पटलं, नाही तर पाचव्यांदा पाठवीन. पण ती काच मी फोडणार नाही, पुस्तकातही नाही.

तिसरा ता. क. : खरं विचारायचंय ते हे. मी आठ वर्षांची असताना आई दवाखान्यात होती आणि तू आमच्याकडे राहायला आली होतीस. तेव्हा तू मला सांगितलंस की दारातल्या सगळ्या चपला आत तोंड करून लावल्या की माणूस घरी येतं. मी चार दिवस लावत होते, शेजाऱ्यांच्यासुद्धा. पाचव्या दिवशी आई आली. मी अजून तशाच लावते, नवऱ्याला वाटतं मी टापटिपीची आहे. तुला तेव्हा माहीत होतं ना, की यात काही नाही? आणि तरी रोज संध्याकाळी तू दाराशी येऊन एकेक जोड तपासायचीस, कपाळावरची आठीसुद्धा न हलवता. ते तोंड कसं ठेवायचं, आत्या? तेवढं मला उलट टपाली कळव. गुरुवारपर्यंत रोज सकाळी मला काचकाकांच्या शेजारी उभं राहायचंय.