बर्फावर पट्टा सोडायचा असतो

हापसालू, बुधवार, फेब्रुवारी

तीर्थस्वरूप हेल्वे वन्सं यांना मायमूचा वाकून नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे ते आधी कळवा. आमचं विचाराल तर सगळे ठीक आहोत, म्हणजे मी ठीक आहे, मांजर ठीक आहे आणि तुमचे बंधुराज इस्पितळात भिंतीकडे तोंड करून पडलेत, पण जिवंत आहेत. तुम्ही पाठवलेले धुरावरचे मासे पोचले. (पुडक्याचा वास सगळ्या पार्सलांना लागला. बेटावरच्या पाद्रीबाईंच्या नव्या पडद्यांनाही लागला असणार, पण त्या भल्या आहेत, बोलल्या नाहीत. हे मला कसं ठाऊक, तर पार्सलांची गाडी आता मीच चालवते.)

तुम्ही डोंगराकडे राहायला गेल्याला किती वर्षं झाली, पण आपल्या किनाऱ्याची रीत विसरला नसाल. समुद्र गोठला, त्यावरचा रस्ता खुला झाला की गाडीत बसल्यावर कमरेचा पट्टा सोडायचा, गाडीच्या दाराला कुलूप लावायचं नाही, म्हणजे बर्फ फाटला तर झटकन बाहेर पडता येतं. जमीन लागली की पट्टा पुन्हा लावायचा. राजधानीतल्या माणसाला हे सांगितलं तर तो आपल्यालाच वेड्यात काढतो. तर गेल्या मार्चमध्ये ऊलो (यांचा पार्सलांच्या कामातला जोडीदार, माझ्या लग्नात तुमच्याशी नाचताना तुमचा पाय तुडवला तोच) गावातली पार्सलं वाटून घाईघाईत बर्फावर उतरला आणि पट्टा सोडायचा विसरला. बर्फ फाटला. गाडी सावकाश बुडाली म्हणतात, उतरायला वेळ होता. पण लोकरी हातमोज्यांनी पट्ट्याची कळ दाबली जात नाही. मागच्या गाडीत हे होते. नेमाप्रमाणे अंतर ठेवून होते, म्हणून वाचले. पोटावर सरपटत दोर घेऊन गेले, तोवर काचेतून ऊलोचे हात दिसत होते. यावर काही गमतीचं लिहायचा मी प्रयत्न केला, वन्सं. नाही जमलं.

त्या दिवसापासून तुमच्या भावाने पट्ट्याला हात लावला नाही. बर्फावर नाही, डांबरावरही नाही. वर दार किंचित उघडं ठेवून, कडीला सुतळी बांधून चालवायचे. भर बाजारातून, कडाक्याच्या थंडीत, सुतळी दातांत धरून! बेकरीवाली रोज हातवारे करून सांगायची की अहो, दार उघडंय. हे टोपी काढून तिला नमस्कार करायचे. पोलिसाने अडवलं तर म्हणाले, खाली पाणी आहे. त्या बिचाऱ्याने वाकून गाडीखाली बघितलं. मी घरी डोकं फोडून घेतलं. म्हटलं, अहो, डांबराखाली माती आहे, मातीखाली तुमचे आजोबा पुरलेत, पाणी कुठलं? तर म्हणतात, ऊलोलाही तसंच वाटत होतं. तुमच्या घराण्याचा हट्ट, तुम्हाला मी काय सांगू.

जानेवारीत चर्चच्या वळणावर रस्ता नुसता ओला दिसत होता. तो ओला नसतो, तो काचेसारखा गोठलेला असतो, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. यांनाही माहीत होतं. वेग अगदी कमी होता, तेवढं श्रेय देते. गाडी अलगद फिरली आणि लिंडनच्या झाडाला टेकली. गाडीला पोचासुद्धा धड आला नाही. हे मात्र उघड्या दारातून बाहेर गेले, ते डोक्यावर. तोच पोलीस घरी आला होता. म्हणाला, पट्टा असता तर काका शिव्या देत चालत घरी आले असते. मी त्याला कॉफी दिली आणि मग मोरीत जाऊन रडले. उजवी बाजू गेली आहे. अर्ध्या तोंडाने बोलतात, पण तेवढं मला ओरडायला पुरतं.

पार्सलं थांबत नाहीत, म्हणून किल्ली मी घेतली. काळजी करू नका. खिळ्यांचे टायर आहेत, टपावरचा बर्फ झाडून निघते, मागे वाळूचं पोतं, फावडं आणि घोंगडी आहे. ब्रेक दाबते तो झोपलेल्या बाळाला थोपटावं तसा. जमिनीवर पट्टा लावते, बर्फावर सोडते. तुम्ही अगदी निर्धास्त असा.

तुमची भावजय,
मायमू

ता. क. गुडघ्याला लोकरीची पट्टी विणून ठेवली आहे. टपालाने पाठवत नाही, कारण दुसऱ्या ताज्या कलमात आहे.

ता. क. दुसरा. बर्फावर सोडते म्हणून लिहिलं ते खोटं आहे. इस्पितळात यांनी डाव्या हाताने माझं मनगट धरलं आणि पट्टा लाव, पट्टा लाव म्हणत राहिले, मी शपथ घेईपर्यंत सोडलं नाही. बर्फावरचं काय, असं विचारलं, तेव्हा डोळे मिटून घेतले. आता बर्फावर उतरायच्या फाटकाशी तिथला राखणदार एंडेल सगळ्यांना विचारतो तसं मलाही विचारतो, पट्टा सोडला ना, मायमू? मी हो म्हणते. शालीखाली तो लावलेला असतो. कळेवर बोट ठेवते, पण समोर झाडाखाली पडलेले हे दिसतात आणि बोट दाबलं जात नाही. मग सगळा समुद्र तशीच ओलांडते, ऊलोसारखी. हे कोणाला सांगू? तुम्ही तरुणपणी याच बर्फावरून मासळीचा ट्रक हाकलाय, मला रागवायचा हक्क तुम्हालाच आहे. शनिवारच्या पहिल्या बसने या. काही आणू नका. नुसत्या माझ्या शेजारी बसा, आणि फाटक उघडलं की माझ्या पट्ट्याची कळ तुम्ही दाबा.